कोंबड्यांची बस

शलमोन, आपली बस सापडली.
होमफर्थच्या वरच्या माळावर, दगडी गडग्याला टेकून उभी आहे.
चाकं कुणी नेली देव जाणे. विटांवर बसवलीय.
आत कोंबड्या पाळल्यात.

ओळखलीस कशी, म्हणशील.
कंदाहारच्या अलीकडं तळाचा पत्रा गेला
आणि पायाखालून रस्ता पळताना दिसायला लागला,
तेव्हा तू डालड्याचा डबा कापून, ठोकून सरळ करून,
बुटाच्या टाचेनं खिळे मारलेस, आठवतं?
डबा गंजलाय. त्यावरचं माडाचं झाड
शिटांच्या खाली अजून हिरवं आहे.

एक्केचाळीस दिवस.
भाजणी हेरातला संपली, मेतकूट त्याच्या आदल्या दिवशी.
तेहरानला मी घड्याळ विकलं. तू काही विकलं नाहीस,
तुझ्याकडं विकण्यासारखा फक्त आवाज होता
आणि तो तू फुकट वाटत होतास:
ड्रायव्हरला डुलकी लागू नये म्हणून रात्रभर
नगरच्या चर्चमधली भजनं,
ती सरली की तमाशातल्या लावण्या,
आणि मागच्या बाकावरच्या रदरफर्डबाई
दोन्हींना सारख्याच श्रद्धेनं मान डोलवायच्या.

म्युनिकच्या स्टेशनासमोर उतरलास.
कुणी हॉटेलात भांडी घासायचं काम देतो म्हणाला होता.
“मास्तर, दोन तासांत आलो.”
ड्रायव्हरनं वर पाऊण तास थांबून
पोलिसाच्या शिव्या खाल्ल्या.
तुझी वळकटी माझ्याबरोबर आली.
डोव्हरला कस्टमवाल्यानं उघडायला लावली,
हे कुणाचं, म्हणाला.
माझंच, म्हणालो. इंग्रजीतलं माझं पहिलं खोटं.

हडर्सफील्डला गिरणीत लागलो, रात्रपाळी.
त्या पहिल्या थंडीत खोलीतल्या तांब्यावर
साय धरावी तसा बर्फ धरायचा.
तुझी घोंगडी मी वापरली. विचारायला तू नव्हतास.
गिरणी बंद पडली तेव्हा बसवर ड्रायव्हर झालो:
हडर्सफील्ड ते होमफर्थ, होमफर्थ ते हडर्सफील्ड,
जायला सहा मैल, यायला सहा, सत्तावीस वर्षं.
एकदा रिकाम्या फेरीत हिशेब केला,
एवढ्यात सत्तर वेळा दिल्ली गाठली असती.
होमफर्थच्या पुढं मात्र कधी गेलो नव्हतो.
तिथं बस वळते.

परवा म्हाताऱ्यांच्या फुकट पासवर,
प्रवासी म्हणून, दुसऱ्याच नंबरच्या गाडीत बसलो.
डोळा लागला. वरच्या शेवटच्या थांब्यावर
पोरसवदा ड्रायव्हरनं खांदा हलवून उठवलं.
परतीची गाडी तासाभरानं. चालत सुटलो.

हिंचलिफबाईंच्या वडिलांनी ती लिलावात घेतली होती म्हणे,
बारा पौंडांना.
“तुम्ही बसमधले का?” त्यांनी विचारलं.
ड्रायव्हर का विचारतायत असं वाटून मी हो म्हणालो.
मग माझं मलाच उमगलं, मग सगळं सांगितलं.
बादली खाली ठेवून त्यांनी ऐकून घेतलं,
कंदाहार कुठं आलं ते विचारलं नाही.
“आत जा,” म्हणाल्या, “पण वाकून.”

बाकं दोनच उरलीत, डाव्या अंगाची, पेंढा भरलेली.
माझ्या जागेवर काही नव्हतं.
तुझ्या जागेवर एक लाल कोंबडी अंड्यांवर बसली होती.
तिनं माझ्याकडं असं पाहिलं
की हात आपोआप खिशाकडं गेला, तिकिटासाठी.

उठवली नाही.

निघताना बाईंनी सहा अंडी दिली, पैसे घेतले नाहीत.
टोपीत घालून मांडीवर धरून आणली.
त्या पोरानं उताराच्या वळणावर ब्रेक जरा उशिरा मारला,
एक फुटलं.
मी असतो तर फुटलं नसतं, हे तुला म्हणून सांगतो.

घोंगडी धुऊन माळ्यावर ठेवलीय.
गिरणीमागची तिसरी गल्ली, हिरवं दार.
घंटा बिघडलीय, कडी वाजव.